जुईबांधचे आकडे

पाकीट तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा डॉक्टर हरेश्वर चौबळ एका बैलाच्या खांद्यावरची गाठ फोडत होते.

पोस्टाच्या शिपायाने ते पायरीवर ठेवलं. मेणकापडात शिवलेलं, कलकत्त्याचे शिक्के असलेलं, भाद्रपदातल्या दमट हवेने फुगलेलं. डॉक्टरांनी नुसत्या जाडीवरून ओळखलं. लेख स्वीकारला असता तर एक पत्र आलं असतं. हे तर सगळंच्या सगळं परत आलं होतं.

त्यांनी गाठ पुरती साफ केली, हात धुतले आणि मगच दोरा कापला.

संपादकांचं पत्र चारच ओळींचं होतं. 'आपल्या तक्ता क्रमांक दोनमधील बेरीज याही वेळी जुळत नाही. चुकीचे आकडे तांबड्या पेन्सिलीने दाखवले आहेत. ज्या निरीक्षकास एकदा सांगूनही बेरीज करता येत नाही, त्याच्या निरीक्षणावर विश्वास कसा ठेवावा, हा आमच्यापुढे प्रश्न आहे. यापुढे हा लेख पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत.'

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर असा हात आपटला की औषधाच्या बाटल्या खणखणल्या. पाटीवरची औषधं पुडीत बांधणारा कंपाउंडर चांगदेव दचकून उभा राहिला.

"परत आला का, साहेब?"

"परत नाही आला. हाकलला!"

मांडव्यापासून दोन कोसांवर, खाडीच्या काठी माणखार नावाचं गाव होतं, आणि गुरांचा हा सरकारी दवाखाना तिथे होता. चौबळ तिथे येऊन सहा वर्षं झाली होती. दर थंडीत आसपासच्या म्हशींना एक विचित्र रोग होई. शेपटीचं टोक आधी थंडगार पडे, मग काळं, मग वाळक्या शेंगेसारखं गळून जाई. पुढे खूर सुटत. असं का होतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चौबळांचं मत असं की खाजणातल्या, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या, भाताच्या पेंढ्याने हे होतं. मत सिद्ध करायला त्यांनी मागल्या थंडीत पाच गावं निवडली. चार गावांत म्हशी खाऱ्या जमिनीचा पेंढा खात. खाडीपलीकडच्या जुईबांध गावात गोड्या जमिनीचा. दर रविवारी पाचही गावांत नव्याने आजारी पडलेल्या म्हशी मोजायच्या, असे दहा आठवडे. अलीकडची चार गावं डॉक्टर स्वतः फिरले. जुईबांध चांगदेवकडे होतं.

निकाल लखलखीत आला. चार गावांत रोगाचा कहर, जुईबांधमध्ये दहा आठवड्यांत फक्त चार म्हशी. हा लेख कलकत्त्याच्या पशुवैद्यक त्रैमासिकात छापून आला, तर पुण्याच्या संशोधनशाळेत जागा मिळण्याची आशा होती. न आला, तर माणखारच्या चिखलात निवृत्त व्हायचं.

फाल्गुनात पहिल्यांदा पाठवला, तेव्हा संपादकांनी न वाचताच परत केला होता. कागदाच्या दोन्ही बाजूंना टंकलेखन चालत नाही, ओळींत दुप्पट अंतर हवं, तक्ते वेगळ्या जाड कागदावर काळ्या शाईने काढलेले हवेत. चौबळ चरफडले, पण तक्ते स्वतःच्या हाताने पुन्हा काढून वैशाखात लेख धाडला. बेरीज चुकली म्हणून परत. आषाढात पुन्हा धाडला. आणि आता हे.

त्यांनी कपाटातून स्वतःची कच्ची वही काढली आणि बेरीज केली. जुळली. पुन्हा केली. पुन्हा जुळली. मग परत आलेला तक्ता उघडला.

वहीत जुईबांधच्या ओळीत तिसऱ्या आठवड्याला शून्य होतं. तक्त्यात सहा होता. सातव्या आठवड्याला एक होता. तक्त्यात सात.

"चांगदेव, भिंग आण."

भिंगाखाली सगळं स्पष्ट दिसलं. इंग्रजी शून्याला वरून शेपूट जोडलं होतं. एकाला वरून आडवी रेघ. शाई त्यांचीच, तीच चकाकणारी काळी. पण आधीच्या वाळलेल्या शाईवर नवी रेघ किंचित उंच बसली होती.

त्यांनी वैशाखातला तक्ताही काढला. त्या वेळी आपल्याच हातून चूक झाली असं समजून त्यांनी तो नीट पाहिलाही नव्हता. तिथेही तेच. चौथ्या आठवड्याचं शून्य सहा झालं होतं, पाचव्या आठवड्याचा एक सात. बेरजेच्या रकान्यातला चार मात्र दोन्ही वेळा जसाच्या तसा.

"कुणीतरी माझे आकडे बदललेत," डॉक्टर म्हणाले.

चांगदेव खाली वाकून सांडलेली पूड गोळा करू लागला.

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे पहिलं नाव आलं ते शिवदास शेठचं. शिवदास माणखारचा पेंढा मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवी. खाऱ्या पेंढ्याने म्हशी सडतात असं छापून आलं असतं, तर त्याचा मचवा रिकामाच फिरला असता. आणि वैशाखात लेखाचं पाकीट मुंबईच्या मोठ्या पोस्टात टाकायला गेलं होतं ते त्याच्याच मचव्यातून.

डॉक्टर तसेच उठले आणि बाजारात शिवदासच्या ओट्यापुढे जाऊन उभे राहिले.

"शेठ, माझं पाकीट तुम्ही फोडलंत!"

चार माणसं जमली. शिवदास तराजू ठेवून उठला. "डॉक्टर, तोंड सांभाळून बोला. कसलं पाकीट?"

"वैशाखातलं. तुमच्या मचव्यातून गेलेलं."

"गेलं. लाखेचे सहा शिक्के होते त्याच्यावर. मी मांडव्याला मचव्यात घेतलं, मुंबईला पोचवलं. पावती तुमच्या हातात आणून दिली."

"आतले आकडे बदलले होते."

"मला विंग्रजी आकडा ओळखू येत नाही. माझा मेहता येतो हिशेब लिहायला." शिवदासचा आवाज चढला. "आणि आषाढातलं? तेव्हा दर्याच बंद. माझा मचवा वर काढून झाकलेला. ते कुणी नेलं?"

डॉक्टरांना आठवलं. आषाढातलं पाकीट त्यांनी स्वतःच, डोक्यावर घोंगडी घेऊन, पायी अलिबागला नेऊन पोस्टात दिलं होतं. संपादकांनी शिक्के शाबूत असल्याचं पोचपावतीत कळवलंही होतं.

"मग?" शिवदास म्हणाला. "चार लोकांत मला चोर केलात. हे मी विसरायचा नाही."

डॉक्टर परत फिरले. कान तापले होते. रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत होते. रोगाचं निदान करायचं म्हणजे आधी तो कुठे नाही ते पाहायचं, हे ते दहा वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले होते. आणि स्वतः मात्र पहिल्या संशयावर बाजारात धावले होते.

दुसऱ्या दिवशी ते अलिबागला येसाजीकडे गेले. येसाजी कचेरीबाहेर अर्ज लिहून देई. त्या भागातलं टंकलेखनाचं यंत्र एवढं एकच, आणि लेख त्यानेच तीनदा टंकला होता. त्याचा एक खिलारी बैल दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या हातून दगावला होता. ते शल्य त्याने कधी लपवलं नव्हतं.

"येसाजीराव, माझे तक्ते तुम्ही कधी पाहिलेत?"

"वैशाखात पाहिले. मजकूर ताडून बघायला तुमच्या दवाखान्यात आलो होतो की. टेबलावर वाळत पडले होते."

"हात लावलात?"

"ओल्या शाईला कोण हात लावील?"

"आणि आषाढात?"

येसाजीने चष्म्यावरून पाहिलं. "आषाढात मी आलोच नाही. पाऊस मी म्हणत होता. टंकलेले कागद तुमच्या चांगदेवनेच येऊन नेले. तक्ते काढून झाले होते की नव्हते, तेही मला ठाऊक नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "डॉक्टर, बैलाचा राग आहे माझा. पण राग काढायचा असता तर मजकुरातच काढला असता. तुम्हाला इंग्रजी स्पेलिंगं कुठे येतात? कळलंही नसतं."

हे इतकं खरं होतं की डॉक्टरांना रागही येईना.

परतताना ते खारबांधावर बसले. दोन माणसं संशयातून सुटली. मग उरलं कोण? तक्ते दवाखान्यातच वाळले, दवाखान्यातच कापडात शिवले, तिथेच लाख लावली. शिवायचं काम कुणाचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी मन तिकडे जाईना. चांगदेव सहा वर्षं सावलीसारखा सोबत होता. चिडलेली म्हैस तो नुसती शीळ घालून शांत करी. डॉक्टरांच्या तापात त्याने रात्रंदिवस उशाशी बसून काढले होते. त्याला काय मिळणार होतं?

त्यांनी प्रश्न उलटा केला. कुणी बदललं ते राहू दे. काय बदललं?

दोन वेळांचे मिळून चार आकडे. पाच गावांतून फक्त जुईबांधचे. दहा आठवड्यांतून फक्त तिसरा, चौथा, पाचवा आणि सातवा. आणि बेरीजही तशीच बदलता आली असती, पण ती बदललेली नाही. ज्याला खोटा निष्कर्ष छापून आणायचा आहे, तो बेरीज जुळवील. ज्याने बेरीज तशीच ठेवली, त्याला लेख पकडला जायलाच हवा होता. परत यायलाच हवा होता.

डॉक्टर झपाझप दवाखान्यात आले. चांगदेव बाहेर कुणाची तरी गाय पाहायला गेला होता. त्यांनी जुईबांधची मूळ नोंदवही काढली. वही चांगदेवच्या अक्षरातली. फिरतीवर गेल्यावर होडी किती वाजता सुटली ते लिहायचा सरकारी नियम होता, म्हणून दर रविवारपुढे वेळ होती.

पहिला रविवार, सकाळी साडेसहा. दुसरा, दुपारी साडेबारा. तिसरा, सकाळी सहा. चौथा, सकाळी सहा. पाचवा, सहावा, सातवा, सकाळी सहा. आठवा, दुपारी बारा.

डॉक्टरांनी भिंतीवरचं जुनं पंचांग खाली घेतलं. चौथ्या रविवारी अमावास्या होती. सहाव्याला पौर्णिमा.

ते वही बगलेत मारून धक्क्यावर गेले. पलीकडे जाणारी होडी काळूराम कोळ्याची. तो मासळीला गेला होता. त्याची बायको सोनूबाई जाळ्याची भोकं शिवत बसली होती.

"सोनूबाई, अवसेला सकाळी सहाला होडी पलीकडे जाते का गं?"

ती हसली. "डाक्टर, इतकी वर्सं खाडीवर र्‍हाता नि असं इचारता? अवसेपुनवेला भरती दुपारी बाराला. सकाळी सहाला पार सुकती. खाडीत निस्ता चिखल. होडी काय चिखलातून वढायची?"

"आणि अष्टमीला?"

"अष्टमीला सकाळी सहाला भरती असते. तवा जाते."

"मागल्या थंडीत चांगदेव दर आइतवारी जायचा ना पलीकडे?"

सोनूबाईचा हात थांबला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग जाळ्याकडे. "मी काय सांगू? त्यालाच इचारा."

"मी तुला विचारतोय."

"पयल्यांदा गेला दोनदा. मग महिनाभर न्हाय आला. घरधनी म्हनाला, त्याच्या घरात दुखनं जड झालंय. मग परत यायला लागला."

डॉक्टर परत फिरले. आता त्यांना संशय नव्हता, संताप होता. जवळजवळ वर्षाची मेहनत, तीनदा काढलेले तक्ते, संपादकाचा तो अपमान, बाजारात गेलेली अब्रू, आणि हे सगळं घरच्याच माणसाने केलं होतं. त्यांनी निरोप पाठवून दुसऱ्या सकाळी शिवदास आणि येसाजी दोघांनाही दवाखान्यात बोलावलं. ज्यांच्यावर आळ घेतला, त्यांच्यासमोरच खरा माणूस उभा करायचा, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी दोघे बाकावर बसले. चांगदेव नेहमीसारखा पाणी घेऊन आला.

"तूही बस," डॉक्टर म्हणाले.

"मी उभा बरा हाय, साहेब."

डॉक्टरांनी तक्ते टेबलावर मांडले. "शेठ, येसाजीराव, आधी तुमची माफी मागतो. आषाढात मचवा बंद होता आणि येसाजीराव इथे आले नव्हते. तरी आकडे बदलले. शाई माझ्याच दौतीतली. शिक्के शाबूत. म्हणजे बदल या खोलीत झाला, पाकीट शिवण्याआधी. शिवायला मी एकालाच देतो."

चांगदेवने तांब्या खाली ठेवला.

"पण कोणी केलं हे कळून उपयोग नव्हता. का केलं ते कळेना. बदललेले आकडे सगळे जुईबांधचे, सगळे तिसऱ्या ते सातव्या आठवड्यातले. मी नोंदवही पाहिली. त्या पाचही आठवड्यांत होडी सकाळी सहालाच सुटली म्हणे. खाडीची भरती रविवार ते रविवार सहा तास सरकते. अवसेला आणि पुनवेला सकाळी सहाला इथे पाणीच नसतं. म्हणजे या नोंदी खाडी ओलांडून केलेल्या नाहीत. घरात बसून, एका बैठकीत लिहिलेल्या आहेत." डॉक्टरांनी नोंदवही टेबलावर ठेवली. "ज्याने फक्त खोटेच आकडे बिघडवले, खऱ्यांना हात लावला नाही, त्याला ते खोटे आहेत हे ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असणारा माणूस एकच. ज्याने ते लिहिले. चांगदेव, तू."

बाहेर बांधलेल्या गायीने मान हलवली, तेवढी घंटा वाजली.

"व्हय, साहेब," चांगदेव म्हणाला. "मीच."

"का?"

"माझी बायकू, गोदू, बाळंत झाली तवा तिला ताप चढला. मूल गेलं. ती महिनाभर उठली न्हाय. भरतीला पलीकडं जायचं नि दुसऱ्या भरतीला यायचं, म्हंजे अख्खा दिवस जायचा. घरात दुसरं कुणी नव्हतं."

"मला सांगायचं होतंस! मी रजा दिली नसती का?"

चांगदेवने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मी आलो होतो, साहेब. पयल्या आइतवारच्या आधी, गोदूचे दिवस भरत आले तवा. येक आइतवार चुकला तं चालंल का, इतकंच इचारलं. तुम्ही म्हनालात, एक आठवडा चुकला तर सगळी मेहनत मातीत, आणि ज्याच्याने होत नसेल त्याने नोकरी सोडावी. मी फुडं बोललोच न्हाय."

डॉक्टरांना ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तेव्हा ते पेनाने रकाने आखत होते आणि मान वर करून चांगदेवकडे पाहिलंही नव्हतं. मूल गेल्याचं त्यांना कळलं होतं ते कितीतरी नंतर, उडत उडत.

"बरं," ते कसेबसे म्हणाले. "लिहिलंस खोटं. मग ते छापून येऊ का दिलं नाहीस? कुणाला कळणार होतं?"

"आठव्या आठवड्याला मी गेलो, साहेब." चांगदेवने नोंदवहीवर बोट ठेवलं. "तं अकरा म्हशींची शेपटं झडलेली. जुन्या जखमा, वाळलेल्या. मी नव्हतो त्या महिन्यात रोग येऊन गेला होता, नि मी तिथं शून्य नि एक लिहिलं होतं. नवी आजारी म्हैस त्या दिवशी नव्हती, म्हनून तिथं पन शून्यच लिहिलं. लेख पयल्यांदा परत आला तवा मना सुटल्यागत झालं. वाटलं, संपलं. पन तुम्ही परत काढायला बसलात. सांगायला तोंड नव्हतं. तुमच्या नावानं खोटं छापून यावं, तेही बघवत नव्हतं. वाटलं, बेरीज चुकली की ते लोक परतच धाडतील. दोनदा धाडलं तं तुम्ही नाद सोडाल."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. अकरा म्हशी. गोड्या जमिनीचा पेंढा खाणाऱ्या गावात अकरा. म्हणजे रोग खाऱ्या पेंढ्याचा नव्हताच. ज्या एका ओळीवर सगळा लेख उभा होता, ती ओळ मागल्या पौषातच कोसळली होती. संपादकांनी लेख स्वीकारला असता, तर डॉक्टर हरेश्वर चौबळ यांच्या नावाने एक धडधडीत चूक देशभर गेली असती. शिवदासच्या पेंढ्यावर विनाकारण बंदी आली असती, आणि म्हशींची शेपटं झडायची ती झडतच राहिली असती.

शिवदास उठला. "डॉक्टर, माझी माफी पोचली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." दारात तो थांबला. "पोराला नोकरीवरून काढू नका. माझ्याकडे असा माणूस असता तर मी मेहता केला असता."

येसाजीही गेला. खोलीत दोघेच उरले.

"गोदू आता कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न विचारायला त्यांना आठ-नऊ महिने लागले होते.

"हिंडती-फिरती हाय."

संपादकांना त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. लेख मागे घेतो. निरीक्षण अपुरं होतं. बेरजेची चूक नव्हती, पण दोष माझाच. पुण्याची जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. डॉक्टरांनी ती बातमी वाचून वर्तमानपत्र चुरगळलं, शेगडीत घातलं आणि चार दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत.

मग कार्तिक आला. पहिल्या रविवारी भरती सकाळी सातला होती. काळूरामच्या होडीत या वेळी दोघे बसले.

जुईबांधच्या पेंढ्याच्या उडव्या खाडीच्या अगदी काठाला, सखल जागी रचलेल्या होत्या. डॉक्टर पूर्वी कधी इथे आलेच नव्हते. त्यांनी दंडापर्यंत हात एका उडवीत घातला. आत ओल होती, आणि ऊब. बाहेर काढलेल्या मुठीत पेंढा काळपट, बुरशीने माखलेला होता. मग त्यांनी वरच्या खळ्यावरच्या उडवीत हात घातला. तिथला पेंढा कोरडा, खळखळीत.

"खालच्या उडवीचा पेंढा कोणाच्या म्हशी खातात?"

"या बाजूची सात घरं," चांगदेव म्हणाला. "मागल्या खेपेला ज्या अकरा होत्या ना, साहेब, त्या समद्या इथल्याच."

डॉक्टर हातातल्या काळ्या पेंढ्याकडे पाहत राहिले. खारट नव्हे. ओला. खाजणातल्या चारही गावांत पेंढा असाच ओलीत रचला जाई. सहा वर्षं ते जमिनीकडे बघत होते आणि उडवीत हात घालायचं सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःचा एवढा राग आला की ते मोठ्याने हसले. चांगदेव घाबरून बघू लागला.

पहिल्या गोठ्यात एक तरणी म्हैस उभी होती. डॉक्टरांनी तिची शेपटी हातात घेतली. टोक बर्फासारखं गार होतं.

"वही काढ," ते म्हणाले. "जुईबांध. खालचा गोठा. म्हैस पहिली."

"आजारी, साहेब?"

"तूच हात लावून बघ," डॉक्टर बाजूला सरकले, "आणि तुझ्या हाताला जे लागेल ते लिही."